गुपित कोणापासून, कोणाजवळ?



नोव्हेंबर लागला की जव्हारच्या पठारावर पहाटे थंडी जाणवू लागते. भाताची झोडणी आटोपलेली असते. पाड्यांवरची तरुण कुटुंबे कामासाठी वसई-भिवंडीकडे उतरू लागतात आणि माझ्या दवाखान्याच्या बाकावर मागे राहिलेली वडीलधारी माणसे अधिक दिसू लागतात. त्यांत निवृत्तिवेतनधारकही असतात, कारण हा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा कागदावर सिद्ध करण्याचा महिना.

अशाच एका नोव्हेंबरात एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. त्यांच्या परवानगीने, ओळख न देता, ही हकीकत सांगतो. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. वय एकाहत्तर. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे एकाच गोळीवर १३० - ८० च्या आसपास राहिलेला. त्या दिवशी तो १७६ - १०४ भरला. मी नेहमीचे प्रश्न विचारले. गोळी चुकली का? लोणचे-पापड वाढले का? गुडघेदुखीच्या गोळ्या घेता का? सगळ्याला उत्तर 'नाही'. मी औषध वाढवले. आठ दिवसांनी तोच आकडा. मी आणखी एक गोळी जोडली.

तिसऱ्या खेपेस त्यांच्या पत्नी सोबत आल्या. गुरुजी तपासणीच्या खाटेवर असताना त्या दारातच थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, हे रात्री उठून बसतात. फोन बंद करून ट्रंकेत ठेवलाय. विचारलं तर बोलत नाहीत."

मी दार लावून घेतले, खुर्ची जवळ ओढली आणि विचारले, "गुरुजी, काय झालं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "छत्तीस वर्षं मुलांना शहाणपण शिकवलं डॉक्टर, आणि एका फोनला फसलो."

घडले ते असे. एके सकाळी फोन आला. पलीकडचा माणूस अस्खलित, अदबशीर मराठीत बोलत होता. 'आपला हयातीचा दाखला पोहोचलेला नाही, आज दुपारपर्यंत नोंद झाली नाही तर निवृत्तिवेतन थांबेल. कार्यालयात हेलपाटा नको, मी फोनवरच नोंद करून देतो. आपल्याला एक सहा आकडी क्रमांक येईल तेवढा सांगा.' गुरुजींनी आधी कार्डाचा क्रमांक सांगितला, मग तो सहा आकडी ओटीपी सांगितला, तोही तीनदा. खात्यातून चौऱ्याऐंशी हजार रुपये गेले. ही गोष्ट त्यांनी पत्नीला सांगितली नाही, मुलीला सांगितली नाही, बँकेलाही कळवली नाही. सांगितली ती अठराव्या दिवशी मला, आणि तीही मी दार लावून विचारले म्हणून.

त्या रात्री मलाही झोप आली नाही. पहिल्याच भेटीत मी मिठाची चौकशी केली, माणसाची केली नाही. पहिल्या दिवशी विचारले असते तर कदाचित काही पैसे वाचले असते. तेव्हापासून एखाद्या वृद्ध रुग्णाचा रक्तदाब, साखर किंवा झोप एकाएकी बिघडली की मी एक प्रश्न हटकून विचारतो, "अलीकडे कोणाचा फोन आला होता का?"

पहिले काही तास

पक्षाघाताच्या रुग्णाला आम्ही जव्हार-मोखाड्यातून घाईघाईने नाशिककडे का पाठवतो, हे आपण जाणता. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नंतर औषध तेच असते, उपयोग तो राहत नाही. ऑनलाइन फसवणुकीचेही तसेच आहे. गेलेला पैसा काही काळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतो. तेवढ्यात कळवले तर तो वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. त्यासाठी देशभर १९३० हा क्रमांक आहे. तो लावावा, बँकेला कळवून कार्ड आणि खात्यातील व्यवहार थांबवावेत, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रकही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल, त्रयस्थाने यंत्रणेतील फटीतून पैसे काढले असतील आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर तोटा येत नाही. गुरुजींप्रमाणे स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्याला अर्थ आहेच. लपवण्यात मात्र दुसऱ्यांदा लुटले जाण्याचा धोका असतो.

गुरुजी बुद्धीने कमी पडले असे मला वाटत नाही. भय आणि घाई एकत्र आली की शरीर पळण्याच्या तयारीला लागते. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते आणि विचार आक्रसतो. हे वयाच्या तिशीतही होते. फसवणाऱ्याला आपले अज्ञान लागतच नाही, आपली भीती पुरते. 'आज रात्री वीज तोडणार', 'तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले', 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून उठू नका' ही सारी त्याच भीतीची रूपे. डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. तेव्हा फोनवरच्या बोलण्याने छाती धडधडू लागली तर तेच लक्षण समजावे, फोन ठेवावा, पाणी प्यावे आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या पत्रिकांविषयीही सावध राहावे. पत्रिका चित्राच्या रूपात येते. ती उघडताना फोन 'अॅप बसवू का?' असे विचारू लागला तर ती पत्रिका नव्हे. आणि एक नियम पाठच करावा. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही.

किल्ली कशी असावी

गुरुजींना उपदेश करण्याआधी मी माझ्याकडे पाहिले. माझ्या ईमेलचा पासवर्ड होता दवाखान्याचे नाव आणि पुढे माझे जन्मवर्ष. दोन्ही माझ्या दारावरच्या पाटीवरून आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून कोणालाही कळण्यासारखे. हाच पासवर्ड मी आणखी चार ठिकाणी वापरत होतो. घराला, कपाटाला आणि गाडीला एकच किल्ली, आणि तीही दाराच्या चौकटीवर ठेवलेली!

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की हे सगळे लक्षात ठेवणे म्हाताऱ्या डोक्याचे काम नव्हे. परंतु या किल्ल्या माणसाच्या विसराळूपणाचा हिशेब धरूनच घडल्या आहेत. लंडनजवळ एनफिल्ड येथे १९६७ साली बार्कलेज बँकेचे पैसे देणारे यंत्र सुरू झाले. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्याकडच्या शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडी क्रमांक होता. 'मला चारच आकडे लक्षात राहतात,' असे पत्नी म्हणाली आणि चार आकडे ठरले, अशी आठवण ते सांगत. चार आकड्यांच्या दहा हजारच जुळण्या होतात. तरी तो पिन चालतो, कारण काही वेळा चुकले की यंत्र कार्ड अडवते. म्हणून पिन लहान असला तरी बिघडत नाही, तो जन्मवर्षाचा किंवा १२३४ असा नसावा, एवढेच.

पासवर्डाच्या बाबतीतही आता पुष्कळ सैलपणा आला आहे. मोठे अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह यांची खिचडी करा आणि दर तीन महिन्यांनी बदला, असे आपल्याला सांगितले जाई. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०१७ साली हा आग्रह सोडला. असे नियम लादले की माणसे शेवटी एक आकडा वाढवून तोच पासवर्ड पुन्हा लावतात, असे अनुभवाला आले. त्याऐवजी पासवर्ड लांब असावा, असे ते आता म्हणतात. इंग्रजी लिपीचे एकेक अक्षर वाढले की शक्यता सव्वीस पटींनी वाढतात.

म्हणून मी माझ्या रुग्णांना चार शब्द निवडायला सांगतो. एकमेकांशी संबंध नसलेले, पण आपल्या ओळखीचे. उदाहरणार्थ नागली, कंदील, एसटी, पेरू. हे चार इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले की साधारण वीस अक्षरांचा पासवर्ड होतो आणि डोळे मिटले तरी चारही वस्तू दिसतात. अर्थात हे चार आता छापून आले, तेव्हा आपले आपण वेगळे निवडावेत. कुलदैवत, नातवंडाचे नाव आणि गावाचे नाव टाळावे.

सर्वांत मजबूत किल्ली ईमेलला असावी, कारण इतर खात्यांचे विसरलेले पासवर्ड तिथेच नव्याने मिळतात. त्यानंतर मोबाइल क्रमांक. आपल्या भागात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. एका पाड्यावर एका कंपनीचे नेटवर्क येते, दुसऱ्यावर दुसऱ्याचे, म्हणून माणसे सिमकार्ड बदलतात. जुन्या क्रमांकाचे रिचार्ज थांबते, तो बंद होतो आणि पुढे केव्हातरी दुसऱ्याच कोणाला दिला जातो. बँकेत आणि आधारला मात्र जुनाच क्रमांक राहतो, आणि आपला ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडतो. सिम बदलले की त्याच आठवड्यात बँकेत जाऊन क्रमांक बदलावा.

आणि हो, पासवर्ड वहीत लिहिण्यास माझी हरकत नाही. दूर कुठेतरी बसलेल्या चोराला आपल्या ट्रंकेतली वही दिसत नाही. वही घरात कुलपात असावी, पिशवीत किंवा फोनच्या कव्हरात नव्हे. एटीएम आणि यूपीआयचा पिन मात्र कोठेही लिहू नये.

अंगठा आणि डोळे, कान, स्मरण

'आम्हाला वाचता येत नाही, आमचा अंगठाच आमचा पासवर्ड,' असे मोखाड्याकडच्या आजीबाई म्हणतात तेव्हा त्या अगदी बरोबर बोलत असतात. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. तेव्हापासून अंगठा हीच अनेकांची सही झाली. परंतु आवणीच्या चिखलात, दगड-मातीत आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा झिजतात, वयाने त्वचाही सपाट होते आणि यंत्र ओळख नाकारते. याला रोग समजू नये. हात धुऊन, कोरडे करून दुसरे बोट द्यावे, किंवा डोळ्याच्या अथवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय आहे का ते विचारावे. अंगठ्याची आणखी एक अडचण आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून अंगठा लावताना पडद्यावर किती रक्कम आहे ते विचारावे, पावती घ्यावी आणि 'उमटला नाही, पुन्हा लावा' असे म्हटले तर दर वेळी शिल्लक तपासून घ्यावी. काही काळ वापर नसेल तर आधारचे ठसे कुलूपबंद ठेवता येतात. माहिती १९४७ या क्रमांकावर मिळते.

आता खास डॉक्टरकीचे थोडे. मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला 'जमा' आणि 'नावे' यांतला फरक लहान पडद्यावर दिसत नाही. ऐकू कमी येणारा माणूस संकोचाने फोनवर 'हो, हो' म्हणत राहतो. म्हणून चष्म्याचा क्रमांक आणि कानांची तपासणी हा खात्याच्या सुरक्षिततेचाच भाग समजावा.

पासवर्ड विसरला म्हणून स्मृतिभ्रंश झाला, असे नव्हे. आठवून देताच आठवत असेल तर काळजीचे कारण नसते. परंतु वर्षानुवर्षे हिशेब चोख ठेवणारी व्यक्ती एकच बिल दोनदा भरू लागली, नोटा मोजताना गोंधळू लागली, एटीएमसमोर उभी राहून पुढे काय करायचे हेच विसरू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. पैशाच्या व्यवहारातला गोंधळ हे स्मृतिभ्रंशाचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही असे होते, आणि ही कारणे उपचारांनी सुधारण्यासारखी असतात. गोंधळ एक-दोन दिवसांतच एकाएकी सुरू झाला असेल तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मुळीचे नाव

आमच्या डोंगरात झाडपाल्याची औषधे देणारे वैदू अजूनही आहेत. मुळी कोणती, हे ते आल्यागेल्याला सांगत नाहीत. विचारले तर हसून विषय बदलतात. पण जाणता वैदू एकाला शिष्य करतो, त्याला रानात नेतो आणि मुळी दाखवतो. ज्याने शिष्य केला नाही, त्याची विद्या त्याच्याबरोबर जाते. पासवर्डाचे गुपित नेमके असेच राखावे लागते. जो मागतो त्याला देऊ नये. ज्याला आपण शांतपणे, आधीच निवडले आहे, त्याच्याजवळ व्यवस्था सोपवावी.

'व्यवस्था' हा शब्द मुद्दाम वापरला. एटीएमचा पिन नातवाला सांगणे ही व्यवस्था नव्हे. बँकेच्या नियमातही ते बसत नाही आणि पुढे काही कमी-जास्त झाले तर त्या कोवळ्या मुलावर संशय येतो. त्याऐवजी पती-पत्नी किंवा आई-मुलगी यांचे संयुक्त खाते असावे, दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे. रोजच्या यूपीआयसाठी लहानसे वेगळे खाते ठेवावे, बाकीची रक्कम दुसरीकडे असावी. खात्याला वारसनोंद आहे ना, हे एकदा पाहावे. खातेदार गेल्यावर नामनिर्देशित व्यक्तीला मृत्यूच्या दाखल्यावर रीतसर पैसे मिळतात, त्यासाठी कोणाचा पासवर्ड लागत नाही. सत्तरीपुढील आणि अंथरुणाला खिळलेल्या ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याचा प्रयत्न बँकांनी करावा, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगितले आहे. आपल्या शाखेत त्याची चौकशी करावी. वही कोठे आहे, एवढे मात्र निवडलेल्या एका माणसाला ठाऊक असावे.

एक लहान गोष्ट आजच करण्यासारखी आहे. माझ्याकडे एकदा रस्त्यावर कोसळलेल्या एका वृद्धांना लोकांनी उचलून आणले. खिशात फोन होता, पण त्याला कुलूप होते. त्यांना मधुमेह आहे का, घरी कोणाला कळवायचे, हे कळायला दीड तास गेला. बहुतेक फोनमध्ये कुलूप न उघडता दिसणारी 'आपत्कालीन माहिती' भरता येते. तीत रक्तगट, आजार, चालू औषधे, औषधांची अॅलर्जी आणि एका नातेवाइकाचा क्रमांक भरून ठेवावा. ही माहिती मात्र लपवायची नाही.

गुरुजींच्या मुलीला फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला. हकीकत सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मी पलीकडच्या उत्तराची वाट पाहत होतो, कारण पुढचे बरेच काही त्या उत्तरावर अवलंबून होते. तिने एवढेच विचारले, "बाबा, इतके दिवस तुम्ही एकट्यानं सोसलंत? जेवलात का आज?" ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. 'तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं!' असे एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी काहीच सांगत नाही.

तक्रार झाली, पण अठरा दिवस उलटले होते. पैसे परत आले नाहीत. रक्तदाब महिनाभराने उतरला आणि वाढवलेली गोळी मी थांबवली. फोन ट्रंकेतून बाहेर आला. आता नोव्हेंबरात गुरुजी माझ्या बाकावर बसून शेजारच्याला आपली गोष्ट सांगतात, चौऱ्याऐंशी हजारांचा आकडा न लपवता. परवा एक बाई त्यांचे ऐकून आत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, काल मलाही एक फोन आला होता." आम्ही तिथूनच १९३० लावला.